विमानाच्या टाकीतले पाणी

सोनगीरच्या तांब्याच्या हंड्यात गढूळ पाण्यावर तुरटी फिरवली, की गाळ तळाशी बसतो. विमानाच्या पेट्रोलमध्ये मात्र पाणी हाच गाळ. लिटरभर पेट्रोलचे वजन सुमारे ७२० ग्रॅम, पाण्याचे एक किलो. त्यामुळे टाकीत शिरलेले पाणी तळ गाठते. नळीत आणि कार्ब्युरेटरमध्ये चांगले पेट्रोल शिल्लक असते तोवर इंजिन नीट चालते. विमान नाक वर करून उडाले, की तळचे पाणी सरकून इंजिनाकडच्या नळीत शिरते. इंजिन बंद पडते ते अशा वेळी, जेव्हा सावरायला पुरेशी उंची नसते.

आमच्या सोनगीरच्या दक्षिणेला धुळ्याची गोंदूर धावपट्टी, उत्तरेला शिरपूरची. दोन्हीकडे मुले विमान चालवायला शिकतात. म्हणून या पाण्याचा मागोवा मला घ्यावासा वाटला.

सुरुवात डब्यापासून झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईला आले, तेव्हा वाटेत अहमदाबादला त्यांच्या पस मॉथ विमानासाठी बर्मा शेलचे पेट्रोल बैलगाडीतून आले होते, चार-चार गॅलनच्या डब्यांत. डबा म्हटला की गंज आला, फुटका सांधा आला, पावसाचा थेंब आला. त्या काळी उपाय होता शामॉय कातड्याचा. नरसाळ्यात हे मऊ कातडे घालून आधी पेट्रोलने भिजवायचे. मग त्यातून पेट्रोल झिरपते, पाणी वर अडते. पण कातडे पाण्याने भिजले, तर पाणीही खाली जाते. सारी भिस्त ओतणाऱ्याच्या हातावर.

पुढे बॅरल आले. बॅरल उभे ठेवले, तर वरच्या काठात पावसाचे पाणी साचते. दुपारी आतली हवा तापून फुगते, रात्री गार होऊन आकसते आणि बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढले जाते. म्हणून बॅरल आडवे ठेवायचे, दोन्ही बुचे एका रेषेत, पेट्रोलखाली राहतील अशी. खानदेशात दिवसाचे ऊन आणि रात्रीचा गारवा यांत मोठे अंतर असते. विमानाच्या अर्धवट भरलेल्या टाकीत रात्री दव धरते ते त्यामुळेच. संध्याकाळी टाकी भरून ठेवणे हा त्यावरचा जुना आणि चांगला उपाय.

मग टाकीच्या तळाला झडप आली. उड्डाणापूर्वी पारदर्शक पेल्यात थोडे पेट्रोल काढून उजेडात धरायचे. अलीकडच्या सेसना १७२ला अशा तेरा जागा आहेत. रबरी पिशवीच्या जुन्या टाक्यांत मात्र सुरकुत्यांमागे पाणी अडून राही आणि पेला स्वच्छ दिसे. त्याने बळी गेले. अखेर १९८४ मध्ये अमेरिकी विमान प्रशासनाने सुरकुत्या तपासण्याचा आणि विमान हलवून, शेपूट खाली दाबून पुन्हा निचरा करण्याचा हुकूम काढला.

चुकीचे इंधन हा दुसरा धोका. १९७८ मध्ये प्रख्यात वैमानिक बॉब हूवर यांच्या पेट्रोलवर चालणाऱ्या विमानात इंधन भरणाऱ्या मुलाने चुकून जेटचे केरोसीन भरले. उड्डाणानंतर दोन्ही इंजिने गेली. हूवर वाचले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी विमानात इंधन भरायला त्याच मुलाला सांगितले. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. या अपघातातूनच जेट इंधनाच्या नळीचे चपटे, रुंद तोंड आले, जे पेट्रोलच्या टाकीत शिरतच नाही. पेट्रोलचा निळा रंगही ओळखीसाठीच. कागदावर थेंब टाकावा: पेट्रोल उडून जाते, केरोसीनचा तेलकट डाग राहतो.

पेल्यात सगळेच दिसते असे नाही. १९९९च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातल्या एका रिफायनरीतून रसायन मिसळलेले पेट्रोल बाहेर पडले आणि हजारो छोटी विमाने जमिनीवर थांबवावी लागली. तिथे दोष वैमानिकाचा नव्हता.

भारतात विमानाचे पेट्रोल वर्षानुवर्षे आयात होई. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या रिफायनरीतले देशी पेट्रोल बाजारात आणले. पेट्रोल जवळ आले, तरी बॅरल आणि पाऊस तेच आहेत.

गोंदूर-शिरपूरच्या मुलांना एवढेच सांगणे आहे. पेल्यात पाणी दिसले, तर ते फेकून लगेच निघू नका, पुन्हा काढा. आणि पेला नितळ असूनही रंग निळा नसेल, तर तो पुरता पाण्याचाच असू शकतो. वास घ्या, विचारा, उड्डाण थांबवा. उशीर झाला म्हणून कोणी रागावले, तर रागावू द्या.