तळ्यावर बोटिंग सुरू करायचं म्हणता? आधी मे महिन्याचं पाणी मोजा

मंगरूळपीर : सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला, तुरीला अजून वेळ आहे आणि गावाशेजारचं तळं काठोकाठ भरलेलं आहे. अशा दिवसांत तळ्याच्या पाळीवर बसलेल्या पोरांच्या डोक्यात एक विषय हमखास येतो : इथं बोटिंग सुरू केलं तर? मोबाईलवर चिखलदऱ्याच्या, रामटेकजवळच्या खिंडसीच्या तलावाचे व्हिडिओ असतातच. मग ग्रामपंचायतीत अर्ज जातो, कोणी बोटीचे भाव काढतो, कोणी पुढाऱ्याला गाठतो. उन्हाळा लागला की सगळं बारगळतं. असं का होतं आणि खरंच करायचं असेल तर हिवाळ्यात कोणती कामं उरकून घ्यावी लागतात, याची ही माहिती.

पहिली गोष्ट म्हणजे बोटीचा बंद हंगाम सगळीकडं एक नसतो. थंड देशांत हिवाळ्यात तळी गोठतात, म्हणून तिथले लोक बोट घरी आणून ठेवतात आणि चार महिने दुरुस्ती, रंगरंगोटी, नाही तर नवीन बोट बांधणं यात घालवतात. कोकणात बंद हंगाम पावसाळ्याचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, पर्यटकांच्या बोटीही ऑगस्ट संपेपर्यंत बंद असतात. होड्या काठावर ओढून झावळ्यांनी झाकतात, त्याला तिकडं शाकारणी म्हणतात. आपल्याकडं यापेक्षा वेगळंच गणित आहे. वाशिम जिल्ह्यात तळी भरतात सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि तळ दिसतो एप्रिल-मे मध्ये. म्हणजे बोट चालायचे खरे दिवस दिवाळी ते होळी, आणि बंद हंगाम उन्हाळा. पण योजना आखायची वेळ मात्र हिवाळाच, कारण पाणी समोर दिसतं आणि हाताला थोडी सवड असते. गोची इथंच होते. भरलेलं तळं पाहून केलेला हिशोब मे महिन्यात टिकत नाही.

आपला जिल्हा दोन खोऱ्यांच्या माथ्यावर आहे. काटेपूर्णा इथून निघून तापीच्या खोऱ्यात जाते, पैनगंगा, अडाण, अरुणावतीचं पाणी गोदावरीकडं जातं. माथ्यावर मोठं धरण होत नाही. म्हणून एकबुर्जी, सोनल आणि अडाण हे तीनच मध्यम प्रकल्प, बाकी शंभराच्या वर लहान लहान तलाव. लहान तलाव लवकर भरतो आणि लवकरच उतरतो. त्यात नोव्हेंबरपासून रब्बीसाठी पाण्याच्या पाळ्या सुटतात. काठावरच्या मोटारी वेगळ्या. शिवाय बाष्पीभवन. मे महिन्याच्या उन्हात दिवसाला साधारण सेंटिमीटरभर पाणी नुसतं हवेत जातं, म्हणजे महिन्याला फूटभर. तळं उथळ असलं तर फूटभर पातळी उतरली की काठ कुठल्या कुठं मागं सरकतो. डिसेंबरात पाण्याला टेकलेला धक्का मार्चमध्ये शंभर पावलं कोरड्यात उभा राहतो आणि मधे काळ्या मातीचा असा गाळ, की म्हैस रुतली तर दोर लावून काढावी लागते. पर्यटकाला त्यातून चालवत नेणार कसं?

म्हणून बोटीचे भाव काढण्याच्या आधी एक काम करा. तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयात पाणीपातळीची नोंद असते. मागच्या पाच वर्षांत डिसेंबर, फेब्रुवारी आणि एप्रिलच्या शेवटी किती पाणी होतं ते तिथून मागून घ्या. तोंडी नको, कागदावर घ्या. मिळत नसेल तर माहिती अधिकार आहे. पाचपैकी दोन वर्षं जरी फेब्रुवारीतच तळं अर्ध्याच्या खाली गेलेलं दिसलं, तर कर्ज काढून बोट घ्यायच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नोंद नसलेल्या तळ्यासाठी सोपा उपाय म्हणजे बांधाजवळ एक जाड खांब रोवा, त्यावर फुटाच्या खुणा करा आणि दर पंधरा दिवसांनी मोबाईलवर फोटो काढत राहा. एक वर्ष गेलं तरी चालेल.

तळं नेमकं कोणाचं?

गावाच्या शिवारात आहे म्हणून तळं गावाचं होत नाही. शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारा तलाव सहसा जिल्हा परिषदेच्या लघु सिंचन विभागाकडं असतो. त्याहून मोठा मृद व जलसंधारण विभागाकडं किंवा जलसंपदा विभागाकडं. पाण्यातल्या माशांचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडं असतो. म्हणजे पाणी एकाचं, मासे दुसऱ्याचे, गाळपेराची जमीन तिसऱ्याच्या ताब्यात, आणि पाळीवरून जायची वाट चौथ्याच्या वावरातून. चौघांनाही विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. ग्रामसभेचा ठराव पाहिजेच, पण ठराव म्हणजे परवानगी नव्हे. परवानगी तलावाचा मालक विभाग देतो. अभयारण्यातलं पाणी असेल तर वन विभागाशिवाय पानही हलत नाही.

मच्छीमारांशी तर सगळ्यात आधी बोला. त्यांची जाळी पाण्यात असतात, त्यावरून बोट गेली तर जाळं फाटतं आणि भांडण लागतं. उलट त्यांना सोबत घेतलं तर तळ्यात खड्डा कुठं, बुडालेली बाभूळ कुठं, वारा कुठल्या बाजूनं फिरतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून आयुष्य काढलेली ही माणसं आहेत. बोटीवरची नोकरी पहिली त्यांच्या पोरांना मिळायला पाहिजे. हे उपकार म्हणून नाही, पोहता येणारी माणसं दुसरी मिळणार कुठून?

पिण्याचं पाणी असेल तर

वाशिम शहर एकबुर्जीवर, कारंजा अडाणवर आणि आपलं मंगरूळपीर मोतसावंग्याच्या पाण्यावर जगतं. अशा तळ्यावर पेट्रोलची मोटरबोट हा विषयच काढू नये. जुन्या पद्धतीच्या इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात आणि त्यातलं काही न जळता पाण्यात जातं. तेच पाणी आपल्या माठात येते बाप्पा. पायडल बोट, वल्ह्याची नाव, फार तर बॅटरीची बोट, एवढ्यावर भागवावं. दुसरं कारण पाखरांचं. हिवाळ्यात चक्रवाक आणि इतर बदकं लांबून येऊन तळ्यांवर उतरतात. मोटरच्या आवाजानं ती उठून जातात, आणि शहरातला माणूस बऱ्याचदा तीच पाहायला आलेला असतो.

वल्ह्याच्या नावेला कमी समजू नका. कोकणात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बाया स्वतः वल्ही मारून पर्यटकांना कांदळवनातून फिरवतात. इंजिन नाही, आवाज नाही, आणि लोक खास तेवढ्यासाठी जातात. आपल्या बचत गटांना पापड-लोणच्याशिवाय दुसरं काही सुचवायचं असेल तर हे उदाहरण आहे. फक्त त्या आधी व्यवस्थित शिकल्या, मग पाण्यात उतरल्या, हे विसरू नका.

जुनी बोट घेतली तर दुरुस्ती कशी

खेड्यात बहुतेक वेळा सेकंडहँड फायबरची बोट येते. घेताना ती उलटी करून पाहा. बोटांच्या मागच्या बाजूनं सगळीकडं टकटक करा. जिथं आवाज भद्द येतो तिथं आत पाणी शिरलेलं असतं किंवा थर सुटलेले असतात. बारीक तडा दुरुस्त होतो. तडा गेलेली जागा चारी बाजूंनी पॉलिश पेपरनं घासायची, ॲसिटोननं पुसून कोरडी करायची, मग फायबरची मॅट कापून रेझिन आणि हार्डनरनं एकावर एक थर द्यायचे. पहिला तुकडा लहान, वरचा त्याहून मोठा. हार्डनर डब्यावर लिहिलंय तेवढाच, साधारण शंभर भाग रेझिनला एक-दोन भाग. लवकर वाळावं म्हणून जास्त ओतला तर रेझिन तापतं, धूर निघतो आणि थर तडकतो.

इथं आपल्या हिवाळ्याची एक अडचण आहे. रेझिन थंडीत नीट धरत नाही. पारा १५ अंशांच्या खाली गेला की ते तासन् तास चिकट राहतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं रात्री पारा त्याच्या बराच खाली जातो. म्हणून सकाळी दहानंतर, दव उडाल्यावर काम सुरू करा आणि दुपारी दोनच्या आत शेवटचा थर संपवा, म्हणजे त्याला उन्हाची तीन-चार तास ऊब मिळते. हातात रबरी मोजे घाला, बिडी-सिगारेट लांब ठेवा. ॲसिटोन पेट्रोलसारखंच पेट घेतं.

लाकडी नाव असेल तर फटीत कापसाची वात ठोकून बसवतात आणि वरून राळ-तेलाचा लेप देतात. हे काम जुन्या माणसाकडूनच करून घ्यावं. पायडल बोटीची चेन सायकलसारखीच असते, ग्रीस मागते. स्क्रू साध्या लोखंडाचे असतील तर स्टीलचे टाका.

होळीनंतर पाणी उतरलं की बोट गाळात पडू देऊ नका. वर काढून, धुऊन, विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर उलटी ठेवा आणि वर सावली करा. वैशाखाचं ऊन फायबरलाही खातं आणि जॅकेटलाही. बॅटरी काढून घरी न्या, महिन्यातून एकदा चार्ज करा.

ज्यावर तडजोड नाही

१८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. तलाव शहरातला, दिवस हिवाळ्याचा. क्षमतेपेक्षा जास्त लेकरं बसवली होती आणि बऱ्याच जणांच्या अंगात जॅकेट नव्हतं. आपल्या अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यातल्या झुंज इथं १४ सप्टेंबर २०२१ रोजी वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा जीव गेला. दशक्रियेसाठी जमलेली नात्यातली माणसं होती. २१ मे २०२४ रोजी उजनी धरणात कळाशी-कुगाव दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली, ६ जण बुडाले. तिन्ही ठिकाणी समुद्र नव्हता. गोडं, ओळखीचं पाणी होतं.

म्हणून बोटीच्या बाहेरून पांढऱ्या रंगाची रेघ मारा. ठरलेली माणसं बसल्यावर पाणी त्या रेघेला टेकलं की बस. नंतर सरपंचाचा पाहुणा आला तरी तो पुढच्या फेरीला. किती माणसं ते आकड्यानं बोटीवर लिहा. जॅकेट प्रत्येकाच्या अंगात, बंद लावलेलं, काठावरच घातलेलं पाहिजे. सीटखाली ठेवलेलं जॅकेट बोट उलटल्यावर सापडत नाही. लहान लेकरांसाठी लहान मापाचीच घ्या, मोठ्या जॅकेटमधून लेकरू खाली निसटतं. दर हंगामाआधी प्रत्येक जॅकेट घालून कमरेइतक्या पाण्यात पाय वर उचलून पाहा. हनुवटी पाण्याच्या वर राहिली नाही तर ते जॅकेट फेकून द्या, दुसऱ्या कामालाही ठेवू नका. एक रिकामी बोट आणि दोराला बांधलेली हवेची ट्यूब काठावर कायम तयार असावी. धुकं असेल तर फेरी नाही. मार्चनंतर दुपारी वावधान उठतं, तेव्हा दुपारची फेरी नाही. सेल्फीसाठी उभं राहायचं नाही, हे तर फलकावर लिहूनच ठेवा.

कागदपत्रांचं म्हणाल तर अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ प्रमाणे यंत्रावर चालणाऱ्या बोटीला नोंदणी, तपासणीचं प्रमाणपत्र आणि विमा लागतो, चालवणाऱ्यालाही प्रमाणपत्र लागतं. राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहतं. बिनयंत्राच्या नावांची नोंद स्थानिक पातळीवर घेण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. नुसती पायडल बोट आहे म्हणून विमा टाळू नका. अपघात झाला तर गुन्हा चालवणाऱ्यावर आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर दाखल होतो, ठराव मांडणारा मोकळा राहतो.

पैसे किती सुटतील

समजा दोन-चार पायडल बोटी आहेत, रविवारी ६० माणसं येतात आणि माणशी ५० रुपये घेता. दिवसाचे ३,००० झाले. दिवाळी ते होळी साधारण २० रविवार धरले तर ६०,००० रुपये. दोन माणसं पहाऱ्याला, ५०० रुपये रोजानं, त्यांचे २०,००० गेले. उरलेल्या ४०,००० मधून विमा, जॅकेट, दुरुस्ती आणि विभागाचं भाडं. बोटीचा हप्ता यात धरलेलाच नाही. म्हणजे हा जोडधंदा आहे, तोही लहान. कोणी लाखांचं स्वप्न दाखवत असेल तर त्याला हा हिशोब पाठवा.

माणसं वाढू शकतात, नाही असं नाही. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि शेलूबाजारला उतरायची सोय झाली. कारंजाला गुरुमंदिर आहे, मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, मंगरूळपीरला दादा हयात कलंदरांचा दर्गा आणि बिरबलनाथ महाराजांचं मंदिर आहे. या लोकांना दोन तास थांबवायचं तर बोटीइतकीच गरज चहा, सावली आणि बायांसाठी स्वच्छ संडासाची आहे. पोहरादेवीची मोठी यात्रा रामनवमीला भरते, तेव्हा आपली तळी उतरलेली असतात, एवढं लक्षात ठेवून बेत करा.

या हिवाळ्यात पाणीपातळीच्या नोंदी, मच्छीमार संस्थेशी बोलणं आणि विभागाकडं अर्ज एवढं उरकलं तर उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळात उतरून खड्डे, खुंट आणि दगड पाहून घेता येतात. बुडालेली झाडं तेव्हाच काढून होतात. बोट त्यानंतर घ्यावी, पुढच्या पोळ्याला तळं किती भरलं ते पाहून.