धारण आणि सहन

कोल्हापूर जिल्ह्यांतील कबनूर हें इचलकरंजीला लागूनच वसलेलें गांव. इचलकरंजींत विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ सालीं पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढें मागांचा खडखडाट कबनूरच्या गल्ल्यांतूनही घुमूं लागला. मागाच्या मोटरीस फिरण्यासाठीं चुंबकत्व लागतें. त्याकरितां ती जो जादा प्रवाह घेते, तो कापड विणीत नाहीं. तारांतून नुसती ये-जा करून त्यांना व्यर्थ तापवितो. हा प्रवाह दुरून आणण्याऐवजीं मोटरीजवळच पुरविणारा लहानसा डबा म्हणजे विद्युत्संचायक. मागवाल्यांच्या तोंडीं, कपॅसिटर.

या डब्याचा पूर्वज म्हणजे काचेची बरणी. १७४५-४६ च्या सुमारास फॉन क्लाइस्ट आणि लेडनचा मुसेनब्रुक यांना स्वतंत्रपणें आढळलें कीं, बरणींत वीज सांठवितां येते. ही किमया मधल्या काचेची, हें फ्रँकलिननें ओळखलें. आणि प्रत्येक रोधक पदार्थाची धारणशक्ति निराळी असते, हें फॅरडेनें १८३७ सालीं दाखविलें. तेव्हांपासून संचायकाचा इतिहास हा चांगल्या रोधकाच्या शोधाचा इतिहास झाला. मेणकागद आला, अभ्रक आलें.

परंतु रोधकाच्या अंगीं दोन गुण हवेत: धारण आणि सहन. धारण दुप्पट झालें तर सांठा दुप्पट होतो. विजेचा ताण दुप्पट सोसला तर सांठा चौपट होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिका, रशिया आणि जपान येथें बेरियम टायटनेट ही मृत्तिका पुढें आली. तिचें धारण निर्वाताच्या हजारपटींहून अधिक. पण ती ठिसूळ, आणि ताण सोसण्यांत दुबळी. उलट १९५४ सालीं नाट्टानें घडविलेल्या स्फटिकी पॉलिप्रॉपिलीनचें धारण जेमतेम सव्वादोनपट. पण त्याचा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका पापुद्रा कित्येक शें व्होल्ट सोसतो.

मग मृत्तिकेची पूड प्लास्टिकांत मिसळली तर? विचार सरळ होता. पदार्थानें मात्र तो सहज मानला नाहीं. विजेचा ताण कणांत न शिरतां भोंवतालच्या प्लास्टिकांत एकवटतो. कणांच्या गुठळ्या आणि पोकळ्या येथूनच पापुद्रा फुटतो. धारण वाढतें, सहन घटतें, आणि सहनाचा तोटा वर्गाच्या हिशोबानें भोगावा लागतो. म्हणून संशोधक अतिसूक्ष्म कण घेतात, त्यांवर सेंद्रिय लेप चढवितात आणि पुडीचें प्रमाण बेतानेंच ठेवतात. यश आलें तर विजेच्या मोटारींतील मोठे संचायक लहान होतील.

तोंवर मागाजवळच्या डब्यांत बहुधा साधें पॉलिप्रॉपिलीनच असतें. ताण्याचा धागा तुटतो तो त्याच्या दुबळ्या जागीं, हें कबनूरच्या विणकराला सांगावें लागत नाहीं. पापुद्र्याचाही न्याय तोच आहे.