खासगी विद्यापीठात प्रवेश घेताय? काय मिळतं, कोणती सवलत मिळत नाही. फी भरण्याआधी हे वाचा

बारावीचा निकाल लागला की खासगी विद्यापीठांच्या जाहिराती गावापर्यंत पोहोचतात. एसटी स्टँडवर फ्लेक्स, मोबाईलवर मेसेज आणि मागोमाग प्रवेशासाठी फोन. ही विद्यापीठं नेमकी काय देतात आणि सरकारी सवलतींचं काय होतं, ते विद्यार्थी-पालकांनी आधीच समजून घेतलेलं बरं.

खासगी विद्यापीठ म्हणजे काय?

राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं, पण सरकारी अनुदानाशिवाय चालणारं हे विद्यापीठ. शासनाच्या कागदपत्रांत त्याला 'स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ' म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यातील अतिग्रे येथील संजय घोडावत विद्यापीठ, नाशिकचं संदीप विद्यापीठ ही त्यातली उदाहरणं. अभिमत विद्यापीठाचा प्रकार वेगळा. तो दर्जा यूजीसीच्या सल्ल्याने केंद्र सरकार देतं, जसं कराडचं कृष्णा विश्व विद्यापीठ. यूजीसी कायदा 1956 नुसार दोघांनाही स्वतःची पदवी देता येते.

काय मिळतं?

मध्यम आकाराच्या खासगी विद्यापीठात साधारणपणे इंजिनिअरिंग, संगणक, मॅनेजमेंट, कॉमर्स, फार्मसी, लॉ, डिझाइन असे अभ्यासक्रम एकाच आवारात असतात. अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठाच्याच हातात असल्याने नवीन विषय लवकर सुरू होतात. वसतिगृह, मेस, बस, लॅब, प्लेसमेंट सेल या सोयी असतात. प्रवेश बहुतेक ठिकाणी बारावीचे गुण, सीईटी, जेईई किंवा विद्यापीठाची स्वतःची परीक्षा यावर होतो.

मुलींच्या फीमाफीचं काय?

इथेच अनेक घरांचं गणित चुकतं. राज्य सरकारच्या 8 जुलै 2024 च्या निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात 100 टक्के सवलत मिळते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मात्र याच निर्णयात खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळली आहेत.

म्हणजे तीच मुलगी कॅपमधून विनाअनुदानित कॉलेजात गेली तर सवलतीला पात्र, आणि खासगी विद्यापीठात गेली तर फी घरून भरावी लागणार. जाहिरातीतली 'स्कॉलरशिप' बहुतेक वेळा विद्यापीठाची स्वतःची असते. ती फक्त पहिल्या वर्षाला आहे की सगळ्या वर्षांना, किती टक्के गुण टिकवावे लागतील, हे विचारा.

कर्ज काढायचं असेल तर

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ते सुरू होतात, पण व्याज आधीपासून चढत असतं. केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी योजना ठरावीक दर्जाच्या संस्थांनाच लागू आहे. आपलं विद्यापीठ त्या यादीत आहे का, ते पोर्टलवर बघून घ्या.

मान्यता कशी तपासायची?

विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या वेबसाईटवरील राज्य खासगी विद्यापीठांच्या यादीत शोधा. बोगस विद्यापीठांची यादीही तिथेच असते. फार्मसीसाठी फार्मसी कौन्सिल, लॉसाठी बार कौन्सिल, नर्सिंगसाठी नर्सिंग कौन्सिलची मान्यता वेगळी लागते. ती नसेल तर पदवी मिळूनही नोंदणी अडते.

खासगी विद्यापीठाला बाहेरची कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत. त्यामुळे 'वर्ग तालुक्याच्या सेंटरवर, पदवी विद्यापीठाची' असं कुणी सांगितलं तर सावध व्हा. छत्तीसगडमध्ये राज्याच्या कायद्याखाली निघालेली शंभराहून जास्त खासगी विद्यापीठं सुप्रीम कोर्टाच्या 2005 च्या निकालाने रद्द झाली होती. त्यातल्या कित्येकांकडे धड इमारतही नव्हती.

प्रवेश रद्द केला तर?

यूजीसीच्या 2018 च्या नियमानुसार, प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत मिळते. प्रक्रिया खर्च म्हणून जास्तीत जास्त 5 टक्के, तोही 5,000 रुपयांपर्यंतच कापता येतो. उशीर होईल तशी परताव्याची रक्कम घटते. मूळ दाखला आणि गुणपत्रिका संस्थेला अडकवून ठेवता येत नाही. तपासून लगेच परत द्यायची असते.

फी भरण्याआधी हे विचारा

1. सगळ्या वर्षांची मिळून फी किती? दरवर्षी वाढते का?
2. वसतिगृह, मेस, बस, परीक्षा, अनामत रक्कम यांचे पैसे वेगळे किती?
3. आपल्या प्रवर्गाला महाडीबीटीवरची कोणती योजना इथे लागू आहे?
4. मागच्या वर्षी याच शाखेतल्या किती मुलांना नोकरी लागली? सर्वात मोठं पॅकेज नको, सर्वसाधारण पगार सांगा.

उत्तरं फोनवर घेऊ नका, विद्यापीठाच्या अधिकृत ईमेलवरून लेखी मागवा. पैसे विद्यापीठाच्याच खात्यात भरा, पावती घ्या. आणि कॅप राउंडचा अर्ज भरलेला असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत तो सोडू नका.