आजीच्या खोलीतला उजेड

श्रीवर्धनात आधी उंडीच्या तेलाचे दिवे, मग रॉकेलची चिमणी, मग ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील. विजेचा बल्ब आला तरी उजेड पिवळाच. रंग खरा बदलला तो ट्यूबलाइटने, आणि २०१५ च्या उजाला योजनेनंतर तर घरोघरी पांढरेफेक एलईडी!

डोळ्यांतल्या काही पेशी दिवसरात्रीचा हिशेब ठेवतात, हे २००२ साली कळलं. निळसर उजेड म्हणजे त्यांच्या लेखी दिवस. उलट मिट्ट काळोखात म्हातारी माणसं बावरतात, सावल्यांना घाबरतात.

आमची आजी रात्री दोनला उठून वाडीत शिंपणं करायला निघायची. दिवा लावला की आणखीच जागी!

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, वीज कित्येक दिवस नव्हती. माळ्यावरचा कंदील खाली आला. आजी दिवसभर ओटीवर, रात्री कंदिलाची वात बारीक. ती चक्क झोपू लागली.

गुण कंदिलाचा की ओटीचा? २००८ च्या डच अभ्यासात वृद्धाश्रमांत दिवसा लख्ख उजेड ठेवल्यावर स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचं नैराश्य थोडं कमी झालं होतं. मला तरी ओटीचा वाटा मोठा वाटतो. आई मात्र कंदिलालाच मानते. वीज आल्यावर तिने आजीच्या खाटेखाली पिवळा झीरोचा बल्ब लावून घेतला.