बातमी कोणाच्या तोंडची?

पत्रकार आपल्या कामाविषयी लोकांसमोर येऊन बोलतात, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु आपण त्यांना विचारायचे काय? मी सायखेड्याचा. गोदेच्या वरच्या अंगाला नाशिक, पूर्वेला येवला. आमचा प्रश्न या परिसराच्या इतिहासातूनच येतो.

१९२० साली पैसे देऊ केले असतानाही 'मूकनायक'ची जाहिरात छापण्यास 'केसरी'ने नकार दिला. बहिष्कार केवळ पाणवठ्यावर नव्हता. तो छापखान्यातही होता. १९२७ साली बाबासाहेबांनी काढलेले 'बहिष्कृत भारत' नोव्हेंबर १९२९ मध्ये बंद पडले. २ मार्च १९३० रोजी नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि 'जनता' निघाली ती २४ नोव्हेंबर १९३० रोजी. म्हणजे लढ्याच्या ऐन पहिल्या पर्वात, जवळजवळ नऊ महिने, बाबासाहेबांच्या हाती स्वतःचे पत्र नव्हते. सत्याग्रही आपले, वृत्तान्त परक्यांचा! त्या महिन्यांचा इतिहास शोधणाऱ्याला म्हणूनच दुसऱ्यांची वृत्तपत्रे आणि सरकारी कागद चाळावे लागतात. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेच्या वेळी मात्र 'जनता' हाताशी होती.

१९४३ साली पुण्याच्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते, की पत्रकारितेचा धंदा झाला आहे. तेव्हा समोर बसलेल्या पत्रकाराला नम्रपणे, पण ठामपणे विचारावे : अत्याचाराची बातमी देताना तुम्ही वस्तीत गेलात, की चौकीवरूनच परतलात? आणि त्याच्या उत्तरावर विसंबून न राहता आपला वृत्तान्त आपण लिहून ठेवावा.