ट्रकचे इंजिन बांधणे: केम-कुर्डुवाडी पट्ट्यातून

जुन्या ट्रकचे डिझेल इंजिन घरच्या अंगणात उघडून पुन्हा बांधता येते. बाहेर पाठवावी लागतात ती तीन कामे: सिलिंडरला बोअर मारणे, क्रँक घासणे आणि डिझेलचा पंप-नोझल तपासणे. उरलेले काम पाने, फिलर गेज आणि मिस्त्रीचा कान यांवर चालते.

करमाळा तालुक्यातले केम ओळखले जाते ते कुंकवासाठी; पण यंत्र या गावाजवळून फार पूर्वीच धावू लागले. केमवरून जाणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे १८५९ मध्ये बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला पोचली. तिथून १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे निघाली आणि तिचा कारखाना कुर्डुवाडीतच झाला. लोखंड उघडून दुरुस्त करण्याचे काम या परिसराला ट्रकच्याही आधी माहीत होते.

मोटारनिर्मितीचे एक मोठे नावही याच सोलापूर जिल्ह्यातले. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ चा. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडले. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला सहा सिलिंडरचे डिझेल ट्रक बनवायला घेतले. हा करार १९६९ पर्यंत चालला. परवान्यांच्या त्या काळात नवी गाडी सहज मिळत नसे, म्हणून इंजिन टाकून न देता पुन्हापुन्हा बांधले जाई.

डिझेल पेटते ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने. रिंगा आणि सिलिंडर झिजले की दाब खाली निसटतो, गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही, ऑइल खाते आणि निळा धूर सोडते. मग इंजिन चेनकप्पीने उतरवायचे. सिलिंडर जितका बोअर होईल, तितके मोठे पिस्टन लागतात. भिंत फार पातळ झाली की लायनर घालून मूळ माप परत आणतात. क्रँकचेही तसेच: घासून तो बारीक होतो, म्हणून त्याला जाड बेअरिंग लागतात.

जुळणीत घाई चालत नाही. मेन बेअरिंगच्या टोप्यांवर खुणा करून प्रत्येक टोपी तिच्याच जागी बसवावी लागते. रिंगांच्या फटी एका ओळीत येऊ द्यायच्या नाहीत. हेडचे नट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळायचे. एकदम आवळले तर हेड वाकते आणि गॅस्केट फुटते. टायमिंगच्या खुणा जुळवून शेवटी टॅपेट लावतात. पहिले काही दिवस ओझे हलके ठेवून, मग ऑइल बदलून हेड पुन्हा आवळतात.

१ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम लागू झाल्यावर नव्या ट्रकांचे इंजेक्शन संगणकाच्या ताब्यात आहे. अंगणात बांधली जातात ती यांत्रिक पंपाची जुनी इंजिने.