पिठलं-भाकरीची पंगत : साध्या जेवणाचा इतिहास



आज आपण ज्या पदार्थाविषयी बोलणार आहोत, तो आपल्यापैकी अनेकांच्या घरी याच आठवड्यात शिजला असेल. पिठलं, भाकरी, कांदा आणि जमलं तर ठेचा. अवेळी पाहुणे आले, घरात भाजी नाही, तरी डब्यात बेसन असतंच. फोडणीत कांदा-लसूण परतायचा, पाणी घालायचं, उकळी आली की एका हाताने पीठ सोडत दुसऱ्या हाताने ढवळायचं. चार माणसांचं सहा माणसांना पुरवायचं असेल तर पाणी थोडं वाढवायचं, दोन भाकऱ्या जास्त थापायच्या. झालं.

विषय कळल्यावर काहींनी आम्हाला विचारलं, की पिठल्याला कसला आलाय इतिहास? आमचं म्हणणं असं, की त्याला एक नाही, दोन इतिहास आहेत. एक ताटातल्या वस्तूंचा आणि दुसरा ताटाभोवती बसलेल्या माणसांचा. हे दोन इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहिले की एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसते. ती काय, ते शेवटी बघू.

आधी ताटापासून सुरुवात करू.

ज्वारी आपल्याला इथल्या मातीतली वाटते. दख्खनची काळी जमीन आणि शाळू, हे नातं इतकं जुनं आहे की तिचं मूळ दुसरीकडे असेल अशी शंकाही येत नाही. पण ज्वारी आणि बाजरी ही दोन्ही धान्यं माणसाने पहिल्यांदा लागवडीखाली आणली ती आफ्रिकेत. तिथून हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं सापडली, घरातल्या चुली सापडल्या. त्या लोकांचं मुख्य पीक होतं जव, म्हणजे बार्ली. आपण ज्याला ‘परंपरागत’ अन्न म्हणतो, ती परंपरासुद्धा अशी बदलत आलेली आहे.

पिठल्यातलं बेसन हरभऱ्याचं. हरभरा मूळचा पश्चिम आशियातला, आजच्या तुर्कस्तानच्या आसपासचा. कांदा आणि लसूण मध्य आशियाकडचे. आणि मिरची? मिरची अमेरिका खंडातली. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यानंतर त्यांच्या व्यापारातून सोळाव्या शतकात मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळात कुणीही मिरचीचा ठेचा खाल्लेला नाही.

मग तिखट कशाचं होतं? मिरी, पिंपळी, आलं, सुंठ यांचं. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या भोजनावर एक स्वतंत्र भाग आहे. त्यात मांडे आहेत, वडे आहेत, मांसाचे प्रकार आहेत. हिंग, जिरं, मिरी, आलं सगळं आहे. मिरची नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही.

मिरचीने मिरीला बाजूला सारलं, याचं कारण सोपं आहे. मिरी मलबारातून यायची, विकत घ्यावी लागायची. मिरचीचं रोप मात्र परसात लावता येतं, ती वाळवून वर्षभर ठेवता येते. गरिबाच्या घरी पहिल्यांदा स्वस्तात तिखट आलं. तिचं नावसुद्धा आपण मिरीवरूनच ठेवलं. म्हणजे पाहुणी आली आणि घरातल्याच कुणाचं तरी नाव घेऊन राहिली.

याहून गमतीचं उदाहरण साबुदाण्याच्या खिचडीचं. एकादशीला, चतुर्थीला आपण ही खिचडी खातो. उपवास म्हणजे धर्मनियमांचा अगदी गाभा. रोजचा गहू-तांदूळही त्या दिवशी चालत नाही. पण खिचडीत काय असतं बघा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा दक्षिण अमेरिकेच्या डोंगराळ भागातला, त्याचं नावही पोर्तुगीजांकडून आलेलं. मिरची तिकडचीच. आणि आज आपल्याकडे साबुदाणा होतो तो टॅपिओकाच्या कंदापासून, तो कंदही दक्षिण अमेरिकेतला. पूर्वी साबुदाणा आग्नेय आशियातून यायचा. दुसऱ्या महायुद्धात ती आयात थांबली आणि तामिळनाडूतल्या सेलमच्या परिसरात टॅपिओकापासून साबुदाणा करायचा धंदा वाढला. तूप, जिरं आणि मीठ सोडलं तर आपल्या उपवासाची वाटी जवळजवळ पूर्ण समुद्रापलीकडची आहे!

आणि हे सगळं सोवळ्याच्या स्वयंपाकघरात बिनबोभाट शिरलं. ज्या काळात समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावं लागायचं, त्याच काळात समुद्र ओलांडून आलेली मिरची देवाच्या नैवेद्याशेजारच्या चटणीत वाटली जात होती.

आता दुसऱ्या इतिहासाकडे वळू. या ताटाभोवती कोण बसलं?

आपण सहज म्हणतो, ‘या की जेवायला, साधंच आहे.’ पण जातीच्या व्यवस्थेत वाटून खायला सगळ्यात अवघड होतं ते हेच साधं जेवण. नियमांचं तर्कशास्त्र समजून घेऊ. कोरडं धान्य म्हणजे शिधा, तो बहुतेक कुणाकडूनही घेता यायचा. ते धान्य पिकवणारे, कापणारे, मळणारे हात कुणाचे, हे कुणी विचारत नसे. पण त्याच धान्यात पाणी घालून ते चुलीवर चढवलं, की ते अन्न जातीचं होई. उत्तर हिंदुस्थानात यालाच कच्चं आणि पक्कं म्हणत. पाण्यात शिजवलेलं ते कच्चं, तुपात तळलेलं ते पक्कं. पक्क्याला थोडी मोकळीक, कच्च्याला अजिबात नाही. म्हणजे भात, भाकरी, आमटी, रोज घरोघर शिजणारं जे अन्न, तेच सर्वांत जास्त कुंपणात होतं.

या कुंपणाला धक्के देणारे लोकही होते. वारकऱ्यांचा काला घ्या. दही, लाह्या, जे असेल ते एकत्र कालवायचं आणि एकमेकांच्या मुखी घालायचं. एकनाथ महाराज महाराच्या घरी जेवले, अशी कथा आपल्याकडे सांगितली जाते. पण काला संपला, माणसं घरोघर परतली, की चुली पुन्हा वेगळ्या. चोखोबांची समाधी मंदिराच्या बाहेर आहे, हे आपण विसरायला नको.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न नव्या रीतीने पुढे आला. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा सुरू केली. जातिभेद मानायचा नाही, हा त्यांचा निश्चय. आणि सभासद होताना त्याची परीक्षा काय? ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा! पावाचा एक घास. पण सभा गुप्त होती. १८६० च्या सुमारास सभासदांची नावं फुटली आणि सभा विस्कटली. शिकलेली, सुधारणेची भाषा बोलणारी माणसं, पण शेजाऱ्याला आपण पाव खाल्ल्याचं कळेल या भीतीपुढे टिकली नाहीत. आपण त्यांना हसू नये. वाळीत टाकणं म्हणजे मुलांची लग्नं अडणं, घरच्या कार्याला कुणी न येणं.

जोतीराव फुल्यांनी मात्र गुप्तता ठेवली नाही. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी उघडा केला. पुढे १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाच्या लोकांनी भुकेल्या मुलांसाठी अन्नाची सोय केली. सावित्रीबाई त्या कामात होत्या.

त्यानंतर पुण्यात १८९० साली काय झालं, ते अनेकांनी ऐकलं असेल. पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. न्यायमूर्ती रानडे, टिळक आणि शहरातली बरीच प्रतिष्ठित मंडळी गेली होती. चहा-बिस्किटं समोर आली. कुणी घेतली, कुणी नुसता कपाला हात लावला. गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात जाहीर करवली आणि गावभर गदारोळ झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तांचा प्रश्न आला. हायकोर्टाचा न्यायाधीश होऊ शकणारा माणूस एका कप चहावरून अडचणीत येत होता.

कोल्हापूरला शाहू महाराजांनी वेगळा मार्ग काढला. गंगाराम कांबळे या अस्पृश्य समाजातल्या माणसाला त्यांनी चहाचं हॉटेल काढायला लावलं आणि स्वतः तिथे थांबून, सगळ्यांच्या देखत चहा घेऊ लागले. महाराजच पितात म्हटल्यावर बरोबरच्या लोकांना नाही म्हणता येईना. पुण्यात चहा पिणं उघड झालं म्हणून माणसं संकटात आली. कोल्हापुरात तो उघडपणे प्यायला हेच औषध ठरलं.

मग येतो महाड. २० मार्च १९२७. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेला आलेले लोक चवदार तळ्यावर गेले, पाणी प्यायले. हा भाग आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. त्यानंतर काय घडलं ते कमी सांगितलं जातं. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा गावात उठली. जमाव परिषदेच्या मांडवावर चालून गेला. तिथे काही लोक परतीच्या वाटेला लागण्याआधी जेवत होते. त्यांना मारहाण झाली आणि त्यांचं अन्न मातीत मिसळण्यात आलं. ज्यांनी त्या दिवशी हल्ला केला, त्यांच्या घरच्या जेवणातसुद्धा अमेरिकेची मिरची होतीच. बाहेरून आलेल्या वस्तूवर त्यांचा राग नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेल्या माणसाने बरोबरीने पाणी पिण्यावर होता.

सुरुवातीला म्हटलं ना, एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसते, ती हीच. मिरचीला आपल्या स्वयंपाकघरात शिरायला शंभर-दोनशे वर्षं पुरली. ती मिरची पिकवणाऱ्या माणसाला मात्र आपण उंबऱ्याबाहेर ठेवलं.

१९५० साली राज्यघटना लागू झाली. सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवली. दुकानं, हॉटेलं, विहिरी सर्वांना खुल्या असल्या पाहिजेत, हे पंधराव्या कलमात आलं. पण घटना हॉटेलात येते, आपल्या माजघरात येत नाही. कुणाला जेवायला बोलवायचं, हे कायदा सांगू शकत नाही. ते आपल्यावर सोडलेलं आहे.

आणि ‘आपल्यावर’ म्हणताना चुलीपाशी कोण असतं, हे विसरून चालणार नाही. वर घेतलेली बहुतेक नावं पुरुषांची आहेत. ती मंडळी बाहेर सहभोजन करून येत आणि घरी सोवळ्याचा स्वयंपाक चालूच राही. तो करणारी बाई सगळ्यांचं झाल्यावर, उरलेलं जेवायची. म्हणून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आम्हाला फार महत्त्वाची वाटतात. रेव्हरंड टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई मात्र बराच काळ आपलं सोवळं सांभाळत राहिल्या, वेगळं शिजवत राहिल्या. आणि मग एके दिवशी, नवऱ्याने सांगितलं म्हणून नव्हे, स्वतः विचार करून त्यांनी ठरवलं, की हे भेद माणसांनी केलेले आहेत, आता कुणाच्याही हातचं खायचं. स्वयंपाकघराचं दार आतून उघडलं गेलं.

जाता जाता पाककृतींच्या पुस्तकांविषयी. १८७५ सालचं ‘सूपशास्त्र’, १९१० सालचं लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’, १९७० सालची कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’. या पुस्तकांचे उपकार मोठे आहेत. घरापासून दूर संसार मांडलेल्या कितीतरी मुलींनी ‘रुचिरा’ उघडी ठेवून पहिला स्वयंपाक केला. पण ही पुस्तकं ठरावीक घरांची चव नोंदवतात. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं, वाळवलेल्या मांसाच्या चान्या कशा होत, हे सविस्तर मराठीत यायला शाहू पाटोळ्यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकापर्यंत, २०१५ सालापर्यंत थांबावं लागलं. तेसुद्धा घरचं साधं जेवणच होतं.

तर मित्रहो, पुढच्या वेळी पिठलं कराल तेव्हा भूगोल आठवलाच पाहिजे असं नाही. पण आपण स्वतःला एक प्रश्न विचारून बघू. गेल्या वर्षभरात आपल्या घरी, आपल्या पंगतीला, आपल्या नात्यागोत्याबाहेरचं कोण बसून जेवलं? आणि आपण कुणाच्या घरी जाऊन, त्यांनी शिजवलेलं, त्यांच्या ताटात जेवलो? दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. घरी बोलावणारा मोठेपणा घेऊ शकतो, दुसऱ्याकडे जेवायला बसणाऱ्याला तो बाहेर ठेवावा लागतो.

त्यासाठी मेजवानी लागत नाही. पीठ आहे, कांदा आहे, पाणी थोडं वाढवायचं. आणि वाढणारी व्यक्तीही त्याच पंगतीला बसेल, एवढं पाहायचं.

 आता आपल्या प्रश्नांकडे वळू.